परक्या वाचकापुढे मराठी वृत्तपत्र : अहवालाची परंपरा आणि हरवलेला स्वर

देशातील वृत्तपत्रांचे पद्धतशीर निरीक्षण करून त्याचे निष्कर्ष परदेशी वकिलातींच्या अधिकाऱ्यांपुढे मांडणे ही आज संशोधनाच्या क्षेत्रात प्रतिष्ठेची बाब मानली जाते. अशा मांडणीत तक्ते असतात, टक्केवारी असते, आणि ‘प्रादेशिक भाषांतील वृत्तपत्रे’ या शीर्षकाखाली मराठीच्या वाट्याला चार-दोन ओळी येतात. त्या ओळी कोणत्या मजकुरातून निघाल्या, कोणी निवडल्या, मूळ वाक्याचा रोख काय होता, हे विचारण्याची सोय श्रोत्यांना नसते, कारण त्यांना मराठी येत नसते. हा व्यवहार नवा वाटतो, पण मराठी वृत्तपत्रगद्याला तो मुळीच नवा नाही. परक्या सत्ताधाऱ्यासाठी मराठी वृत्तपत्रांचे सार काढून ठेवण्याची प्रथा दीडशे वर्षांहून जुनी आहे. या प्रथेने मराठी गद्याचे एक विशिष्ट वाचन रूढ केले आणि मराठी संशोधकांनीही ते फारशी चिकित्सा न करता स्वीकारले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

अहवालाची घडण

मुंबई इलाख्यात १८६८ पासून देशी वृत्तपत्रांचा साप्ताहिक अहवाल इंग्रजीत तयार होऊ लागला. तो छापला जाई, परंतु गोपनीय असे आणि अधिकाऱ्यांपुरताच वाटला जाई. अहवालासोबत वृत्तपत्रांची यादी असे. वृत्तपत्राचे नाव, प्रकाशनाचे गाव, ते दैनिक की साप्ताहिक, संपादकाचे नाव, त्याची जात, त्याचे वय आणि खपाचा आकडा असे तिचे रकाने असत. संपादकाची जात व वय नोंदवणारा हा रकाना मराठी पत्रकारितेच्या इतिहासकारांनी पुष्कळ वापरला आहे. परंतु लेख वाचण्याआधीच लेखक कोण ठरवावयाचा आहे, हे त्या रकान्याने वाचकाला सांगून ठेवले होते, याकडे मात्र क्वचितच लक्ष गेले.

यादीनंतर मजकूर येई. तो वृत्तपत्रवार न लावता विषयवार लावलेला असे : राजकारण व राज्यकारभार, कायदे, शिक्षण, रेल्वे, नगरपालिका, देशी संस्थाने. ही मांडणी कारभाराच्या दृष्टीने सोयीची होती यात शंका नाही. तथापि एकोणिसाव्या शतकातील मराठी साप्ताहिक हे अग्रलेख, स्फुटे, वाचकांचा पत्रव्यवहार, गावोगावची बातमीपत्रे आणि पुस्तकांचे अभिप्राय यांच्या परस्परसंबंधातून बोलत असे. अग्रलेखात संयमाने मांडलेली गोष्ट स्फुटात चिमटा काढून येई आणि पत्रव्यवहारात रागाने येई. अहवालात हे तीनही आवाज एकाच पातळीवर येऊन ‘अमुक पत्र म्हणते’ या एका वाक्यात मिटून जात. संपादकाचे मत, वाचकाचे गाऱ्हाणे आणि बातमीदाराची तक्रार यांत फरक उरत नसे.

ही भाषांतरे करणारे लोक सामान्य वकुबाचे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या पंडिताने ‘रिपोर्टर ऑन दि नेटिव्ह प्रेस’ हे पद सांभाळले होते. ज्यांच्या घरात १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू झाली, त्यांच्याच हाताखालून मराठी पत्रांचे सार सरकारदरबारी जात असे, हा योगायोग मराठी वाङ्मयेतिहासात यापेक्षा अधिक विचारास पात्र होता. दोष भाषांतरकाराच्या मराठीचा नव्हता. वाचणाऱ्याला काय हवे आहे हे आधीच ठरलेले असले की उत्तम मराठी जाणणारा माणूसही तेवढेच वेचतो.

दुसरी बाजूही नोंदवणे न्याय्य होईल. या अहवालांत पुण्यामुंबईच्या प्रतिष्ठित पत्रांइतकीच जागा लहान गावांच्या आणि बहुजन समाजाच्या पत्रांनाही मिळू शके. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेल्या ‘दीनबंधु’सारख्या पत्राला आपल्या वाङ्मयेतिहासांनी दीर्घकाळ तळटीपेत ठेवले. सरकारी रिपोर्टरला तशी मुभा नव्हती, त्याला सगळ्यांचीच दखल घ्यावी लागे. अनेक पत्रांच्या मूळ संचिका आज उपलब्ध नाहीत आणि त्यांच्याविषयी काही सांगणारे साधन म्हणजे हाच अहवाल होय. म्हणून तो टाकून देता येत नाही. तो कसा वाचावा, एवढाच प्रश्न आहे.

‘म्हणे’ या शब्दाचे काय करावे?

मराठी राजकीय गद्याचे एक मोठे बळ उपरोधात आहे. ‘म्हणे’ हा एकच शब्द घ्यावा. ‘सरकारने रयतेच्या हितासाठी कर वाढवला म्हणे’ या वाक्यात कर वाढवल्याची बातमी आहे, ती ऐकीव असल्याची सूचना आहे आणि हिताच्या दाव्यावरचा अविश्वासही आहे. इंग्रजीत ‘असे सांगण्यात येते’ या अर्थाचा प्रयोग करून पहिल्या दोन गोष्टी नेता येतात, तिसरी वाटेत गळते. ‘मायबाप सरकार’ हा शब्दप्रयोगही असाच आहे. अर्जात तो खरा असतो, स्फुटात तो बहुधा खोटा असतो, आणि कोणत्या ठिकाणी तो कसा आहे हे मराठी वाचकाला शिकवावे लागत नाही.

शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ मध्ये पुण्यात ‘काळ’ सुरू केले आणि या उपरोधाला निबंधाच्या मध्यभागी आणून बसवले. राज्यकर्त्यांची स्तुती इतकी वाढवीत न्यावयाची की तिच्या भाराने ती स्वतःच कोसळावी, ही व्याजस्तुतीची रीत संस्कृत अलंकारशास्त्राला जुनी आहे. परांजपे यांनी तिला साप्ताहिक राजकारणाची भाषा केले. अशा मजकुरापुढे सरकारी भाषांतरकाराला दोनच मार्ग मोकळे होते. शब्दशः भाषांतर केले तर ‘काळ’ हे इलाख्यातील सर्वांत राजनिष्ठ पत्र ठरावे. ‘उपरोधाने म्हटले आहे’ असा शेरा जोडला तर तो शेरा भाषांतराचा भाग न राहता आरोपाचा भाग होतो. लेखकाने जे वाचकाच्या समजुतीवर सोडले होते ते भाषांतरकाराने त्याच्या नावावर मांडले, असा त्याचा अर्थ होतो. परांजपे यांना १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून १९ महिन्यांची शिक्षा झाली. त्यांच्या शैलीची चर्चा मराठीत पुष्कळ झाली आहे. तथापि उपरोधाचे भाषांतर हाच कायद्याच्या दृष्टीने पुरावा ठरतो, या अंगाने ती झालेली दिसत नाही.

लोकमान्य टिळकांवरील दोन खटल्यांत हा प्रश्न उघडपणे न्यायालयात आला. १८९७ च्या खटल्यात ‘केसरी’च्या १५ जून १८९७ च्या अंकातील शिवाजीमहाराजांच्या मुखी घातलेली कविता आणि शिवराज्याभिषेक उत्सवातील भाषणांचे वृत्त हे आधार होते. अफजलखानाचा वध १६५९ मधला. त्याची चर्चा १८९७ मधल्या राज्यकर्त्यांना उद्देशून आहे की नाही, यावर सारे अवलंबून होते. इतिहासाच्या आडून वर्तमानाविषयी बोलणे हा मराठी कीर्तनाचा, पोवाड्याचा आणि नाटकाचा नेहमीचा मार्ग आहे. मराठी श्रोता दोन्ही अर्थ एकाच वेळी धरून ठेवू शकतो. न्यायालयाला मात्र एकच अर्थ हवा होता. टिळकांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच वर्षी इस्लामपूरचा ‘प्रतोद’ आणि वाईचे ‘मोदवृत्त’ ही पत्रेही राजद्रोहाच्या कक्षेत आली, आणि लहान गावातील पत्रांची नावे इंग्रजी वाचकाच्या कानी पडली ती याच निमित्ताने.

१९०८ चा खटला तर मोठ्या प्रमाणात भाषांतराचाच खटला होता. ‘देशाचे दुर्दैव’ (१२ मे १९०८) आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ (९ जून १९०८) या अग्रलेखांची सरकारी भाषांतरे ज्यूरीपुढे ठेवण्यात आली. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी गृहस्थ होते, लेख लिहिले होते मराठी वाचकांसाठी. टिळकांनी ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या कचेरीतील साक्षीदाराची शब्दाशब्दावर उलटतपासणी केली आणि २१ तासांहून अधिक चाललेल्या आपल्या भाषणात भाषांतरातील चुका व विपर्यास यांवर पुष्कळ वेळ खर्च केला. सात विरुद्ध दोन अशा मताने ते दोषी ठरले आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. टिळकांचा युक्तिवाद बचावासाठी होता, तेव्हा तो जसाच्या तसा स्वीकारण्याचे कारण नाही. त्यांचे लेख सौम्य होते असे म्हणणे हाही त्या लेखांवर अन्यायच आहे. परंतु मराठी गद्यातील शब्दांच्या अर्थच्छटांची इतकी बारीक चर्चा त्याआधी कोणत्याही साहित्यसभेत झाली नव्हती. मराठी समीक्षेने या खटल्याचे कामकाज राजकीय इतिहासाच्या कपाटात ठेवून दिले आहे, ते शैलीविचाराच्या कपाटात यावयास हवे.

आपलेच लोक आपलेच सार काढतात तेव्हा

गोपनीय अहवालाला उत्तर म्हणून उघड अहवाल काढावा, ही कल्पना १८८३ मध्ये मुंबईत प्रत्यक्षात आली. दादाभाई नौरोजी आणि बेहरामजी मलबारी यांच्या पुढाकाराने ‘व्हॉइस ऑफ इंडिया’ हे नियतकालिक निघाले. देशातील वृत्तपत्रांतील मते निवडून, आवश्यक तेथे भाषांतरित करून, ती इंग्लंडमधील राजकारणी आणि पत्रकार यांच्यापुढे ठेवणे हे त्याचे काम होते. राष्ट्रीय वृत्तपत्रांचे निरीक्षण परदेशी मुत्सद्द्यांपुढे मांडण्याचा हा भारतीयांचा एक आरंभीचा संघटित प्रयत्न म्हणता येईल. हेतू निःसंशय चांगला होता. तथापि साराचा स्वभाव हेतूने बदलत नाही. सरकारी अहवाल धोक्याची वाक्ये वेचत असे. ‘व्हॉइस ऑफ इंडिया’ला समंजस वाक्ये वेचणे भाग होते, कारण लंडनच्या वाचकाला पटवावयाचे होते. दोन्ही वेचण्यांत मराठी पत्राचा खट्याळपणा, त्याचा कडवटपणा, त्याची घरगुती म्हण बाहेर राहिली. एकाने मराठी पत्रकाराला आग लावणारा ठरवले, दुसऱ्याने त्याला अर्जदार केले.

हा पेच १९१९ मध्ये लंडनमध्ये एकाच माणसाच्या आयुष्यात येऊन ठेपला. व्हॅलेंटाइन चिरोल हे काही काळ ब्रिटिश परराष्ट्रखात्यात कारकून होते व पुढे ‘टाइम्स’च्या परराष्ट्रविभागाचे प्रमुख झाले. ‘इंडियन अनरेस्ट’ (१९१०) या त्यांच्या पुस्तकातील मजकुरावरून टिळकांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. तो १९१९ च्या आरंभी चालला आणि ‘केसरी’तील जुने लेख पुन्हा एकदा इंग्रजी रूपात, मराठीचा गंध नसलेल्या ज्यूरीपुढे वाचले गेले. टिळक दावा हरले. त्याच मुक्कामात पॅरिसच्या शांतता परिषदेला जाण्यासाठी पारपत्र नाकारले गेल्यामुळे त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमान्सो यांना हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाविषयी इंग्रजीत पत्र पाठवले. न्यायालयात इतरांनी केलेले त्यांच्या मराठीचे सार होते, पत्रात त्यांनी स्वतः निवडलेली मुत्सद्देगिरीची भाषा होती. ‘केसरी’च्या वाचकाला ओळखीचे असलेले टिळक या दोहोंपैकी कोणत्याच कागदात सापडत नाहीत.

वकिलातींचे वाचन

परदेशी वकिलाती भारतीय वृत्तपत्रे वाचत आल्या आहेत, हे काही गुपित नाही. मुंबईत १९०० मध्ये रशियाची वकिलात सुरू झाली आणि तेथील प्रतिनिधींच्या पत्रव्यवहारात टिळकांच्या चळवळीची दखल घेतलेली आढळते. पुढे सोव्हिएत इतिहासकारांनी टिळकांवरील ग्रंथात ही कागदपत्रे वापरली. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे हे काम संस्थारूप झाले. ब्रिटनमध्ये १९३९ पासून ‘बीबीसी मॉनिटरिंग’, अमेरिकेत १९४१ पासून परदेशी प्रसारणांची नोंद ठेवणारी सरकारी सेवा, आणि १९५३ ते १९९९ या काळात अमेरिकी माहितीखात्याने तयार केलेले परदेशी वृत्तपत्रांच्या प्रतिक्रियांचे गोषवारे ही त्याची ठळक उदाहरणे होत. पद्धती बदलल्या, यंत्रे आली. ‘अमुक पत्र म्हणते’ हे वाक्य मात्र टिकून राहिले.

आजच्या संशोधनाने त्यात मजकुराच्या ‘सुरा’ची भर घातली. बातमी अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ, अशी खूण करावयाची आणि खुणांची बेरीज मांडावयाची. मोजता येईल ते मोजणाऱ्या अभ्यासांचे मोल कमी नाही. १९९५ पासून दर पाच वर्षांनी होणाऱ्या जागतिक माध्यम-निरीक्षण प्रकल्पात एका दिवसाच्या बातम्यांत स्त्रिया किती व कोणत्या नात्याने येतात हे मोजले जाते, आणि तो आकडा कोणत्याही भाषेतून काढला तरी तितकाच बोलका राहतो. परंतु ‘म्हणे’ या शब्दाला अनुकूल म्हणावे की प्रतिकूल? तटस्थ अशी खूण केली तर ती सर्वांत चुकीची. वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या जागतिक निर्देशांकात १८० देशांपैकी भारताचा क्रमांक २०२३ मध्ये १६१, २०२४ मध्ये १५९ आणि २०२५ मध्ये १५१ होता. हे क्रमांक तज्ज्ञांनी भरलेल्या प्रश्नावलीवर आणि पत्रकारांवरील अत्याचारांच्या नोंदीवर आधारलेले असतात. त्यांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही, पण मराठी पत्रात काय छापून आले हे त्यांवरून कळत नाही आणि तसा दावाही ते करत नाहीत. तो दावा त्यांच्या आधारे भाषणे करणारे करतात.

वऱ्हाडचा रकाना

देऊळगाव राजा आणि भोवतालचा बुलढाणा जिल्हा यांचा या चर्चेशी संबंध वरवर पाहता दूरचा वाटेल. वस्तुतः तो फार जवळचा आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले, पण त्यावरील निजामाचे स्वामित्व नावापुरते कायम राहिले. १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले जाईपर्यंत या मुलखाचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत चाले, आणि रेसिडेंट हा हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्रखात्याचा माणूस. म्हणजे अकोल्याच्या ‘वऱ्हाड समाचार’ने किंवा अमरावतीच्या ‘प्रमोद सिंधू’ने येथील सारावाढीविषयी लिहिलेले स्फुट ज्या वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत पोहोचावयाचे तो पदाने मुत्सद्दीच होता. १९०८ मध्ये नागपूरचा ‘देशसेवक’ आणि यवतमाळचा ‘हरिकिशोर’ यांच्यावर खटले झाले. त्या काळच्या वऱ्हाडातील पत्रांच्या मूळ प्रती आज विखुरलेल्या व त्रुटित आहेत. त्यामुळे संशोधक इंग्रजी अहवालातील उतारा घेतो, त्याचे मराठीत भाषांतर करतो आणि अवतरणचिन्हांत घालून ‘त्या पत्राने लिहिले’ असे म्हणतो. एम.फिल. आणि पीएच.डी.च्या प्रबंधांत असे परतीचे मराठी सर्रास आढळते. वऱ्हाडी पत्रकाराच्या तोंडी दुभाष्याचे शब्द घालण्याचा हा प्रकार होय, आणि मार्गदर्शकांनी तो थांबवणे हे किमान कर्तव्य आहे. अहवालातील उतारा वापरावयाचा तर तो अहवालातील उतारा म्हणूनच द्यावा, अवतरणचिन्हे काढावीत.

वर्तमानातही जिल्ह्याची ओळख अशीच बाहेरून ठरत आली आहे. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा बुलढाण्याचे नाव जगभर छापून आले. त्याआधी ते आले होते शेतकरी आत्महत्यांमुळे. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदतयोजना जाहीर केली; त्या सहांत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम, वर्धा यांच्यासोबत बुलढाणा होता. परदेशी प्रतिनिधींपुढील सादरीकरणांना यातून विषय मिळाला आणि तो विषय गंभीरच होता. परंतु अशा सादरीकरणांतून सामान्यतः आकडे पुढे जातात, मराठी शब्द मागे राहतात.

‘आत्महत्याग्रस्त’ हा शब्द पाहावा. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त या मालिकेत तो शासकीय भाषेने बसवला आणि वृत्तपत्रांनी कोणतेही चिन्ह न लावता उचलला. ‘ग्रस्त’ म्हटले की संकट आकाशातून येते. कर्ज, भाव, बियाणे, पतपुरवठा यांपैकी कोणालाही जबाब द्यावा लागत नाही. हा शब्द जिल्ह्याला लागतो, तालुक्याला लागतो, मागे राहिलेल्या कुटुंबालाही लागतो. मराठी वृत्तपत्रांनी या विषयावर काय लिहिले याचा अहवाल तयार करणाऱ्याला इंग्रजीत ‘आत्महत्यांनी बाधित’ अशा अर्थाचा सुटसुटीत प्रयोग सापडतो, आणि एका शब्दात दडलेली शासन व वृत्तपत्र यांची मूक सहमती नोंदीबाहेर राहते. ती सहमती हाच खरे तर वृत्तपत्रांच्या अभ्यासाचा विषय होता.

त्याहून कठीण शब्द आहे ‘अपात्र’. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देण्यासाठी प्रकरणे पात्र व अपात्र ठरवली जातात. नावावर जमीन आहे काय, कर्ज थकीत होते काय, अशा कसोट्या लावल्या जातात. तालुक्याच्या पानावर त्याची बातमी येते : इतकी प्रकरणे पात्र, इतकी अपात्र, इतकी चौकशीसाठी प्रलंबित. ही ओळ बाजार समितीतील सोयाबीनच्या भावाशेजारी किंवा आश्विनातील बालाजीच्या यात्रेच्या वृत्ताखाली येते आणि तिच्यात ‘म्हणे’ कोठेही नसते. परदेशी अधिकाऱ्यापुढील तक्त्यात ती ‘प्रशासकीय माहिती, तटस्थ’ या रकान्यात जाईल. परांजपे यांच्या पिढीने घडवलेला मराठी वाचक मात्र ‘अपात्र’ या शब्दापाशी क्षणभर थांबतो. मेलेल्या माणसाची पात्रता तपासणारा हा शब्द छापताना बातमीदाराने उपरोध केला नाही, करण्याची गरजही त्याला भासली नाही. अशा शब्दासाठी इंग्रजी प्रतिशब्द शोधण्यापूर्वी तो देवनागरीत, बातमीच्या कात्रणासह, पृष्ठक्रमांक व आवृत्तीचे गाव देऊन त्या तक्त्यात ठेवता येतो. समोरचा अधिकारी मग त्याचा अर्थ विचारील, आणि मांडणी करणाऱ्याला तो मराठीतून समजावून द्यावा लागेल.